विसरत चाललेली सुईण

घड्याळं दुरुस्त करणारा तो माणूस चांगला पोट सुटलेला, मिशा पिकायला लागलेला गृहस्थ होता. पण मावशी समोरून येताना दिसल्या की तो पटकन शेजारच्या बोळात शिरायचा. कारण मावशी भर रस्त्यात हाक मारायच्या, "काय रे पायाळू, बरं चाललंय ना?" आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला सांगायच्या, "हा पायाकडून आला. आईचा जीव टांगणीला लावला होता यानं. तेव्हाही याला घाई नव्हती, आताही नाही. माझं घड्याळ कधीचं देऊन ठेवलंय."

नदीच्या अलीकडचं निम्मं गाव मावशींच्या हातांवर जन्माला आलं होतं. त्या सुईण होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी पुरुषांना बाहेर घालवायच्या, मग खिडकी उघडायच्या, मग कोपरापर्यंत हात धुवायच्या, आणि तोवर बाईकडे बघायच्यासुद्धा नाहीत. हात पुसत जवळ आल्या की म्हणायच्या, "कळा देणं तुझं काम, घाबरणं माझं. आपापलं काम करू या." बाई कळवळत असली तरी हसायची.

त्यांच्या सुनेनं हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकलं होतं, आधी स्वतः कळा देताना आणि पुढे मावशींच्या शेजारी उभं राहून. सून नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातून आलेली, लहानपणीच आई गेलेली. नवरा दोरखंड वळायच्या कारखान्यात होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला दिवस गेले, आणि बाळंतपण अडलं. कळा थांबेनात आणि मूल येईना. शेवटी आलं ते निपचित. तिचंही रक्त थांबत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना सासूचा चेहरा अगदी तोंडाजवळ आला होता आणि तो खणखणीत आवाज एवढा मऊ झाला होता की तिला आधी ओळखूच आला नाही. "पोरी, मूल गेलं. आता तू जग. दुसरं काही करू नकोस, नुसती जग." सून जगली. त्यानंतर कितीतरी दिवस मावशी तिला चमच्यानं भरवत होत्या, तिचे केस विंचरत होत्या, आणि भेटायला येणाऱ्या बायकांनी हळहळायला सुरुवात केली की त्यांना सरळ दाराबाहेर काढत होत्या. सासूसुनेचं एरवी जे काही असतं ते त्या दोघींचं तेव्हाच संपलं. सून त्यांना नुसती "आई" म्हणत नव्हती, ती त्यांना आई मानत होती.

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. आणि मग, आता काही होणार नाही असं सगळ्यांनी धरून चालल्यावर, तिला पुन्हा दिवस राहिले. घरात आनंदीआनंद झाला. मावशी म्हणाल्या, "या खेपेला तो वाकडा आला तर मी त्याचा कान धरून सरळ करते." सून हसली. पण ती मनापासून हसली नव्हती, कारण त्याआधीच काही दिवस तिच्या मनात एक शंका घर करून बसली होती.

सुरुवात अगदी साधी होती. बाजारातून येताना तो घड्याळवाला समोर आला. बोळ हुकला होता, तेव्हा बिचारा हाक ऐकायची तयारी करून उभा राहिला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेल्या. थोडं पुढे गेल्यावर सुनेला म्हणाल्या, "बरा दिसतो माणूस. नवीन आलाय का गावात?"

सुनेला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे थट्टा नव्हती.

मग ती बघायलाच लागली. चुलीवर पाणी ठेवून मावशी परसात जायच्या आणि परत येऊन दुसरं पाणी ठेवायला भांडं शोधायच्या. बोलता बोलता एखादा शब्द सापडला नाही की हाताची बोटं हवेत फिरवून म्हणायच्या, "ते गं, ते आपलं… तुला कळलं ना? मग झालं तर. सगळं मीच का बोलायचं?" एवढ्या सफाईनं म्हणायच्या की समोरचा हसून मोकळा व्हायचा. सून मात्र न सापडलेला शब्द मनात नोंदवून ठेवायची. हुशार बाई होत्या. पडलेली भोकं त्या विनोदांनी बुजवत होत्या, आणि भोकं बुजवायची तर ती कुठे आहेत हे त्यांना माहीत असणार, हे तिच्या लक्षात आल्यावर ती जास्तच घाबरली.

नवऱ्याला तिनं सांगून पाहिलं. तो जेवत होता.

"आईंना हल्ली आठवत नाही," ती म्हणाली.

"वय झालंय तिचं. मला तरी कुठे आठवतं?"

"तसं नाही हो. त्या घड्याळवाल्याला ओळखलं नाही त्यांनी."

"त्याला न ओळखलेलंच बरं," तो म्हणाला आणि हसला. मग तिचा चेहरा बघून घास हातात तसाच धरून म्हणाला, "तुला या दिवसांत नसत्या शंका येतात. मागचं सगळं मनात असेल. आई आहे ना घरात? मग कशाला घाबरतेस?"

आई घरात आहे म्हणूनच ती घाबरत होती. पण हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. ज्या हातांनी आपल्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं त्या हातांची भीती वाटते, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

मावशींची एक कापडी पिशवी होती. तिच्यात कात्री, जाड दोरा, तेलाची बाटली, उकळून वाळवलेल्या फडक्यांच्या घड्या. ही पिशवी त्या स्वतः भरायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. एकदा सकाळी कुणीतरी बोलवायला आलं, मावशी वेणी घालत होत्या, म्हणून सुनेनं पिशवी उचलून दारापाशी आणून ठेवली. ती नेहमीपेक्षा जड लागली. आत पाहिलं तर आमटी वाढायची पळी, एक अर्धी मेणबत्ती आणि नवऱ्याचा एक मोजा. कात्री नव्हती, दोरा नव्हता. सून तिथेच खाली बसली. मग उठून तिनं धडाधड सगळं शोधलं. कात्री पिठाच्या डब्यात सापडली. तिनं ती धुतली, उकळत्या पाण्यातून काढली, पिशवी नीट भरली आणि मावशी बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मी पण येते. चालणं चांगलं असतं ना मला?"

"ये की. शिकशील चार गोष्टी."

तेव्हापासून ती प्रत्येक वेळी सोबत जाऊ लागली. आणि खरं सांगायचं तर तिथे तिचा जीव थोडा भांड्यात पडायचा. कारण एकदा बाईच्या पोटावर हात टेकला की मावशी पूर्वीच्याच मावशी व्हायच्या. बोटं आपली आपण चालायची. डोकं कुठे, पाठ कुठे, किती वेळ लागणार, सगळं बिनचूक. परत येताना मात्र वळणावर थबकायच्या आणि सून कुठल्या बाजूला वळते ते बघून मग पाऊल टाकायच्या. सुनेनं मनाशी हिशेब मांडला, की जोवर हात शाबूत आहेत तोवर मी डोकं होईन. पिशवी मी भरीन, रस्ता मी दाखवीन. माझ्या वेळेचं काय, हा प्रश्न ती रोज उद्यावर ढकलत होती.

आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले. एका सकाळी तर चप्पलसुद्धा पायात जाईना. नेमकं त्याच दिवशी पाववाल्याकडून बोलावणं आलं. त्याची बायको पहिलटकरीण नव्हती, आधीची दोन्ही बाळंतपणं सुरळीत झालेली. मावशी म्हणाल्या, "तू पड घरात. हिचं काय, मी दारात उभी राहिले तरी मूल येईल बाहेर." सुनेनं पिशवी तपासून दिली आणि खिडकीतून त्या कोपऱ्यावर बरोबर वळल्या की नाही ते पाहिलं. बरोबर वळल्या.

जेवायच्या आधीच त्या परत आल्या. खुशीत होत्या. "मुलगा झाला. चांगला वजनदार आहे, बापाच्या पावासारखा फुगलेला." पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले, आणि सून शेंगा सोलत होती तिथे येऊन बसून त्याही सोलायला लागल्या.

"लवकर आलात," सून म्हणाली.

"लवकर झालं."

"वार पडली ना लगेच?"

हे तिनं सहज विचारलं होतं. मूल बाहेर आलं म्हणजे बाळंतपण संपलं असं नव्हे, मुलामागून येणारी वार पूर्ण पडेपर्यंत सुईणीनं बाईच्या अंगावरचा हात काढायचा नाही, हे मावशींनीच तिला प्रत्येक घरातून परत येताना सांगितलं होतं. मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग शेंगेकडे. तोंड किंचित उघडलं, बोटं हवेत फिरली, पण या वेळी विनोद आला नाही.

"आई, वार?"

"कुणाची?" मावशी म्हणाल्या.

सून उठली. सुजलेल्या पायांनी, अनवाणी, एका हातानं पोट सावरत ती धावली. रस्त्यात कुणीतरी विचारलं काय झालं, ती थांबली नाही. पाववाल्याच्या दुकानात भट्टीची ऊब होती, ताज्या पावांचा वास होता आणि पाववाला पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी गिऱ्हाइकांना मुलगा झाल्याचं सांगत होता. त्याला बाजूला सारून ती मागचा जिना चढली. खोलीत बाळ कपड्यात गुंडाळून व्यवस्थित ठेवलेलं होतं. नाळ नीट बांधलेली, नीट कापलेली. आणि पलंगावर बाई पडली होती, चेहरा कणकेसारखा, ओठ पांढरे. "मला झोप येतेय," ती म्हणाली. "मावशी म्हणाल्या, झालं सगळं." सुनेनं पांघरूण उचललं. गादी रक्तानं भिजली होती.

तिनं जिन्यातून पाववाल्याला हाक मारली. तो वर आला, पाहिलं, आणि भिंतीला टेकून बसला. "बसू नका," ती म्हणाली. "नावेनं पलीकडे जा आणि तिकडच्या सुईणीला घेऊन या. धावत जा." मग तिनं बाळ उचलून बाईच्या छातीशी लावलं आणि पोटावर हात ठेवून, शंभरदा पाहिलं होतं तसं, गोल गोल चोळायला लागली. आपण बरोबर करतोय की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. बाईचे डोळे मिटायला लागले की ती तिच्याशी बोलायची, काहीही, पावांबद्दल, थोरल्या मुलांबद्दल. स्वतःच्या पोटातलं मूल लाथा मारत होतं.

पलीकडची सुईण ठेंगणी, कमी बोलणारी बाई होती. मावशी तिला कायम नावं ठेवायच्या. "ती मूल नाही काढत, दात काढल्यासारखं उपटते," म्हणायच्या. ती आली, हात धुतले आणि कामाला लागली. बाई दोनदा किंचाळली. मग वार बाहेर आली, रक्त हळूहळू कमी झालं, आणि संध्याकाळच्या सुमाराला बाईनं पाणी मागितलं.

जिना उतरताना पलीकडचीनं विचारलं, "मावशी कुठे आहेत?"

"त्यांना बरं नव्हतं," सून म्हणाली.

पलीकडचीनं तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग पोटाकडे. "तुझं कोण करणार?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नदीच्या दिशेनं चालायला लागली.

सून घरी गेली नाही, सरळ कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे एक लांबच लांब छप्पर, आत तागाची धूळ. एका टोकाला एकजण चाक फिरवायचा आणि तिचा नवरा कमरेभोवती तागाचा भारा गुंडाळून, बोटांतून तंतू सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचा. दिवसभर तो असाच चालायचा. सून त्याच्या शेजारून चालत राहिली आणि सगळं सांगत गेली. तिच्या हातांवर अजून रक्त होतं. पिशवीतली पळी, पिठातली कात्री, वळणावरचं थबकणं, तिनं काही गाळलं नाही. छपराच्या मध्यावर आल्यावर तो थांबला. चाक फिरत राहिलं, दोराला पीळ जास्त बसून गाठी पडायला लागल्या आणि पलीकडून शिव्या ऐकू आल्या तरी तो तसाच उभा होता.

"मेली असती ती," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू…" भीती आता दोघांत वाटली गेली होती. पण वाटल्यानं ती कमी झाली असं मात्र झालं नाही.

नणंदेला बोलावणं गेलं. ती गावातच, दोन रस्ते सोडून राहायची. तिनं येऊन आईला जवळ घेतलं आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मावशी तिला थोपटत म्हणाल्या, "काय झालं गं? नवऱ्यानं काही म्हटलं का?" दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी मावशींना बरेच प्रश्न विचारले. कुठला महिना चालू आहे, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, मला पाळी जाऊन युगं झाली. मला कशाला हवा महिन्यांचा हिशेब?" सगळ्यांना हसू आलं. डॉक्टरही हसले. पण दाराबाहेर आल्यावर त्यांनी टोपी हातात धरून खालच्या आवाजात सांगितलं, "हे वाढत जाणार. कमी होणार नाही. माझ्याकडे यावर औषध नाही, कुणाकडेच नाही. बाळंतपणं थांबवा. आणि चुलीजवळ एकट्या सोडू नका."

ते गेल्यावर तिघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसली. आईला सांगायचं कोणी, यावर गाडी अडली. मुलगा म्हणाला, मुलीनं सांगावं. मुलगी म्हणाली, माझ्यानं होणार नाही. तेवढ्यात सुनेनं परसाच्या दाराकडे पाहिलं. मावशी तिथे उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"पाववाल्याची बायको मेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही आई," सून म्हणाली. "बरी आहे. बाळही बरं आहे."

"खरं सांग."

"खरंच."

मावशी खाली बसल्या. एवढ्या उंच बाई, पण बसल्यावर एकदम लहान दिसल्या. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मला खूप दिवसांपासून भीती वाटतेय. खोलीत जाते आणि कशाला आले ते कळत नाही. माणसं हसून बोलतात आणि मी ओळखत नाही. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही." मग सुनेकडे वळल्या. "तुझं बाळंतपण मी करणार नाही. कितीही म्हटलं तरी मला जवळ येऊ देऊ नकोस. त्या पलीकडचीला बोलवा. हात चांगला आहे तिचा. मी उगाच नावं ठेवते."

सुनेनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं. इतके दिवस जे सांगायला ती घाबरत होती ते सासूनं स्वतःच सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा मावशींनी मोठ्या पातेल्यात फडकी उकळायला घातली होती. "तुझी वेळ जवळ आली," त्या उत्साहानं म्हणाल्या. "तयारी नको का करायला? तो वाकडा आला तर मी त्याचा कान धरून सरळ करते."

मुलानं विचारलं, "आई, तू काल काय ठरवलंस?" मावशींना काहीच आठवत नव्हतं. मग त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मावशींचा चेहरा उतरत गेला. "मी?" त्या म्हणाल्या. "मी वार विसरले?" आणि मग त्याच दारात बसून त्यांनी विचारलं, "मेली का ती?"

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. रोज सकाळी फडकी, रोज सकाळी ती बातमी, आणि रोज ती त्यांच्यासाठी नवी. सुनेला वाटलं, आपण या बाईला रोज तोच मार देतोय. शेवटी एका सकाळी मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "राहू द्या." आणि मावशींना म्हणाली, "हो आई. तुम्हीच करा." त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. मावशी खुशीत फडकी उकळत राहिल्या आणि मुलगा-सून दोघं एकमेकांकडे न बघता घरात वावरत राहिली. सून रात्रंदिवस एकच चित्र बघत होती, की आपण आडवे पडलोय, पोटात कळ आलीय, आणि वरून वाकलेला तो प्रेमळ चेहरा आपल्याला विचारतोय, तू कोण?

कळा सुरू झाल्या त्या सकाळी लवकर. नवरा लगेच नावेकडे पळाला. नणंद आली, तिनं आईला काहीतरी सांगून परसात नेलं, आणि सूर्य वर यायच्या आत पलीकडचीही येऊन पोचली. आईला भावाजवळ ठेवून नणंद मदतीला आत आली आणि पलीकडचीनं खोलीला आतून कडी लावली. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग सुनेला एक ओरडणं आवरलं नाही आणि ते परसात ऐकू गेलं.

मावशी दारावर धडका द्यायला लागल्या. "दार उघडा. आत माझी पोर आहे. कोण आहे आत? काय करताय तिला?" मुलगा त्यांना धरत होता, "आई, अगं आई" म्हणत होता, आणि त्या म्हाताऱ्या अंगात कुठून एवढी ताकद आली होती कोण जाणे. कडी खडखडत होती. सून डोळे गच्च मिटून, दात आवळून पडली होती. प्रत्येक धडकेबरोबर तिचं सगळं अंग आक्रसत होतं.

"वहिनी, उघडू का?" नणंदेनं रडत विचारलं.

"नको," सून म्हणाली. "नको, नको."

पलीकडचीनं घाम पुसला. "असं धरून ठेवलंस तर मूल अडकेल," ती म्हणाली. "उघड दार. तिला उशाशी बसव. हात मी लावू देणार नाही."

दार उघडलं. मावशी आत आल्या आणि एकदम शांत झाल्या. खोली ओळखीची होती, वास ओळखीचा होता. त्यांनी खिडकी उघडली. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग नणंदेनं त्यांना उशाशी बसवलं. त्यांनी सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले. सुनेनं डोळे उघडले. तो चेहरा अगदी तोंडाजवळ होता.

"पोरी," मावशी अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "मूल गेलं. आता तू जग. दुसरं काही करू नकोस."

सुनेच्या अंगातलं सगळं बळ एका क्षणात गेलं. तिला ते खरंच वाटलं. या बाईनं आजवर खोटं सांगितलं नव्हतं. तिनं कळ सोडून दिली, मान टाकली. नणंदेनं आईला मागे ओढलं. पलीकडची जी कधी आवाज चढवत नसे ती ओरडली, "माझ्याकडे बघ. तिच्याकडे नाही. डोकं माझ्या हाताला लागतंय, गरम आहे, ऐकतेस का? गरम आहे. आता दे कळ." सुनेनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक; पण पुढची कळ तिला विचारून आली नाही. ती आली, आणि तिच्यामागून आणखी एक, आणि मूल बाहेर आलं. मुलगी होती. निळसर पडलेली. पलीकडचीनं तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या. पुन्हा मारल्या. मग मुलगी रडली.

वार पडेपर्यंत सुनेनं पलीकडचीच्या हातांवरून नजर हलवली नाही. सगळं झाल्यावर तिनं उशाकडे पाहिलं. मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी कान टवकारले होते. "कुणाचं रडतंय गं?" त्या म्हणाल्या. "शेजारी कुणी बाळंत झालं का? सुटली बिचारी."

मावशी त्यानंतर काही वर्षं जगल्या. नात त्यांच्या घरात लहानाची मोठी होत होती आणि त्यांना ती रोज परकी होती. "कुणाची गं ही?" त्या विचारायच्या. "घरी पोचवा तिला. आई वाट बघत असेल." एकदा त्या खरंच तिला कडेवर घेऊन तिची आई शोधायला निघाल्या. नदीच्या पायऱ्यांवर पाववाल्याच्या बायकोनं दोघींना पाहिलं आणि हाताला धरून घरी आणलं. तिनं कुणाला काही बोल लावला नाही, आधीच्या गोष्टीसाठीही नाही. फक्त दारातून आत मात्र आली नाही. त्या दिवसापासून सुनेनं फाटकाला कडी बसवून घेतली, आणि रात्री मुलीला स्वतःच्या आणि भिंतीच्या मध्ये घेऊन झोपू लागली. सासूवर तिची माया होती. त्यांना ती भरवायची, त्यांचे केस विंचरायची, न्हाऊ घालायची. आणि हे सगळं करताना तिचा एक कान सतत मुलीकडे असायचा. या दोन गोष्टी एकाच छातीत कशा मावतात हे तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटी मावशींचे शब्द गेले. मग चालणं गेलं. एका थंडीत त्या गिळायचं विसरल्या, आणि एका दुपारी, नात जवळ बसलेली असताना, शांतपणे गेल्या. त्यांना पोचवायला एवढी माणसं आली की गल्लीत उभं राहायला जागा उरली नाही. त्यांतल्या कित्येकांना त्यांनी अखेरची काही वर्षं ओळखलं नव्हतं. घड्याळवाला सगळ्यांत पुढे उभा होता.

पुढे मुलगी मोठी झाल्यावरची गोष्ट. नणंद आणि सून दोघी परसात कपडे वाळत घालत होत्या. नणंद कुणाबद्दल तरी सांगत होती आणि मध्येच तिला नाव आठवेना. साध्या शेजारणीचं नाव. ओल्या चादरीचं टोक हातात धरून ती थांबली. सुनेनं नाव सांगितलं. नणंदेच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "मी तिची मुलगी आहे. तू नाहीस."

"वन्सं, नाव काय, कुणीही विसरतं."

"हल्ली बरंच विसरते मी. तुला खरं विचारते. माझं तसं व्हायला लागलं तर तुला आधी कळेल. तुला कळतं ते. तेव्हा मला सांगशील?"

सुनेला त्या सगळ्या सकाळी आठवल्या, दारात बसलेल्या मावशी, आणि दरवेळी नव्यानं उतरत जाणारा तो चेहरा. तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती दोरीवर टाकली.

"सांगेन," ती म्हणाली.

नणंद तिच्याकडे बघत राहिली. ती खरं बोलते आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं. सुनेलाही कळत नव्हतं.